तीळ बघायला डॉक्टरच हवा का?

त्वचेचं टपाल : वाचकांच्या पत्रांना जळगावच्या एका त्वचारोगतज्ज्ञ बाईंची उत्तरं

या महिन्याच्या टपालात निम्मी पत्रं घामोळ्यांची आहेत. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर दुसरं काय येणार! त्या सगळ्यांना एकच उत्तर: सैल सुती कपडे, दोन वेळा साध्या पाण्याची आंघोळ, आणि पावडरचे थर थापणं बंद. उरलेल्या गठ्ठ्यातली चार पत्रं मात्र मी वेगळी काढली. लिहिणाऱ्यांची एकमेकांशी ओळख नाही, पण चौघांचं भांडण एकाच गोष्टीशी आहे. आपली कातडी आधी कोणी बघायची?

भुसावळहून एक आई लिहितात:

माझी मुलगी सहा वर्षांपासून अमेरिकेत, न्यू जर्सीला असते. पाठीवरचा तीळ मोठा झाल्यासारखा वाटला म्हणून तिने त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबर लावला. डॉक्टरांची तारीख चार महिन्यांनंतरची मिळाली, 'फिजिशियन असिस्टंट'ची मात्र पुढच्याच आठवड्यातली. ती गेली. त्या असिस्टंट बाईंनी डोक्यापासून तळपायापर्यंत तपासलं, सुई देऊन जागा बधिर केली आणि तिथल्या तिथे तिळाचा तुकडा काढून तपासणीला पाठवला. रिपोर्ट चांगला आला, कानबाईची कृपा. पण डॉक्टर शेवटपर्यंत दिसलेच नाहीत! एवढ्या पुढारलेल्या देशात कंपाउंडरच्या हातात सुरी देतात का? मी म्हटलं, पुन्हा खऱ्या डॉक्टरला दाखव, तर म्हणते, "आई, इथे असंच असतं." आता तुम्हीच सांगा.

उत्तर: ताई, आधी 'कंपाउंडर' हा शब्द बाजूला ठेवू. माझ्या मनात त्या शब्दाबद्दल आदर आहे (का, ते पुढे येईलच), पण तुमच्या मुलीला तपासणारी बाई कंपाउंडर नव्हती.

फिजिशियन असिस्टंट म्हणजे डॉक्टर नसलेला, पण रोगी तपासायचं रीतसर शिक्षण घेतलेला माणूस. ही जमात जन्मली १९६५ साली, अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात. तिथल्या डॉ. युजीन स्टेड यांच्या लक्षात आलं की डॉक्टर कमी पडताहेत आणि नौदलातून परतलेली, बोटीवर रोगी सांभाळलेली तरबेज मुलं घरी बसून आहेत. अशा चौघांना त्यांनी शिकवायला घेतलं. १९६७ मध्ये तिघं शिकून बाहेर पडले. आज तिथे पदवीनंतर साधारण सव्वादोन वर्षांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम असतो आणि त्यातला मोठा काळ वॉर्डात जातो. मग देशपातळीवरची परीक्षा, राज्याचा परवाना, आणि पुढे दर दोन वर्षांनी शंभर तासांचं शिक्षण दाखवावं लागतं. औषध लिहून द्यायचा अधिकार त्यांना पन्नासही राज्यांत आहे. तेव्हा तुकडा काढला यात चोरीचपाटीचं काही नाही.

आता दुसरी बाजू. त्या सव्वादोन वर्षांत कातडीच्या वाट्याला फार थोडं येतं. तिथला त्वचारोगतज्ज्ञ मेडिकल कॉलेजात चार वर्षं काढतो, एक वर्ष सर्वसाधारण उमेदवारी करतो आणि मग तीन वर्षं फक्त कातडी बघतो. असिस्टंट कातडी शिकतो ती नोकरीत, कुणाच्या तरी शेजारी उभं राहून. शेजारचा डॉक्टर हौशीने शिकवणारा असेल तर असिस्टंट तयार होतो. गर्दी उपसायला माणूस हवा म्हणून ठेवला असेल, तर तो नुसती गर्दी उपसतो.

यावर अमेरिकेत मोजदादही झाली आहे. पिट्सबर्गच्या एका मोठ्या रुग्णालय समूहातल्या नोंदी तपासून २०१८ साली एक अभ्यास छापून आला. मेलॅनोमा म्हणजे तिळासारखा दिसणारा घातक कॅन्सर. असा एक पकडायला त्वचारोगतज्ज्ञांना सरासरी २५ तुकडे काढावे लागले, असिस्टंटना ३९. त्वचेचे सगळे कॅन्सर एकत्र धरले तर फरक थोडाच होता, ३.३ आणि ३.९. पण अगदी सुरुवातीच्या अवस्थेतला मेलॅनोमा असिस्टंटच्या नजरेत कमी आला. म्हणजे नजर जिथे सगळ्यात बारीक लागते, तिथेच अनुभवाचं अंतर दिसलं. तुमच्या मुलीचा तुकडा कदाचित त्या जादाच्या तुकड्यांपैकी असेल. पण चांगला रिपोर्ट आला म्हणजे तुकडा उगाच काढला, असंही नाही. वाढलेला तीळ नुसत्या डोळ्यांनी 'काही नाही' म्हणून सोडणारा डॉक्टर मला जास्त धोक्याचा वाटतो.

हे मी स्वतःवरून सांगते. बरीच वर्षं झाली. यावलकडचे एक केळीवाले काका टाचेवरचा काळा डाग दाखवायला आले. काटा मोडला असेल म्हणाले. मलाही तेच वाटलं. बागेत अनवाणी वावरणारा माणूस, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग, टाचेत काटा नाही तर काय असणार! मलम लिहिलं, पंधरा दिवसांनी या म्हटलं. घड कापणीला आले होते, काका आले ते दोन महिन्यांनी. तोवर डागाची कड वाकडीतिकडी होऊन पसरली होती. तुकडा मुंबईला पाठवला. मेलॅनोमा. आपल्या सावळ्या कातडीत हा रोग क्वचित होतो, पण झाला तर अनेकदा तळपाय, तळहात किंवा नखाखालीच दडतो. हे मी परीक्षेत लिहून पास झाले होते, आणि ती पदवी माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर चौकटीत लटकत होती.

रिपोर्ट आला त्या संध्याकाळी आमचे नाना, म्हणजे बाहेर बसून नावं लिहिणारे आणि मलमपट्टी करणारे माझे कंपाउंडर, हळूच म्हणाले, "त्यासले दुखसच नव्हतं, ताई." काटा मोडलेला माणूस बोट ठेवून दाखवतो, इथे दुखतं म्हणून. हे काका टाच आपटत चालत आले होते. नानांना हे पहिल्याच दिवशी खटकलं होतं. मी चिडून विचारलं, मग तेव्हा का नाही बोललात? नाना म्हणाले, "तुम्ही बघितल्यावर मी काय बोलणार?"

काकांचा पाय मुंबईत वाचला, पण टाचेचा मोठा भाग काढावा लागला. दुसऱ्या दिवसापासून दवाखान्यात एक नियम झाला. पडद्याबाहेर जे दिसेल ते नानांनी मला सांगायचं, मी बघून झाल्यावरसुद्धा. मी कधी वैतागायची, पण नियम मोडला नाही.

म्हणून ताई, मुलीला 'खऱ्या डॉक्टर'कडे पळवू नका. तिला तीन गोष्टी विचारायला सांगा. काचेवरचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली कोणी वाचला? तो बहुधा त्या विषयाच्या डॉक्टरनेच वाचलेला असेल, आणि ते कळलं की तुमची निम्मी काळजी मिटेल. त्या असिस्टंटच्या पाठीशी डॉक्टर कोण आहेत, आणि शंका आली की त्या त्यांना बोलावतात का? आणि पुढची तपासणी कधी? काढल्या जागी पुन्हा रंग दिसायला लागला तर मात्र चार महिने थांबायचं नाही. तेव्हा डॉक्टरांचीच तारीख मागायची आणि जुना रिपोर्ट हातात घेऊन जायचं.

जाता जाता एक गंमत. अमेरिकेतल्या त्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये 'असिस्टंट' शब्द टाकून 'असोसिएट' घेतला. ब्रिटनमध्ये 'असोसिएट'च म्हणत होते, तिथे २०२५ च्या सरकारी अहवालाने उलटं सुचवलं: पुन्हा 'असिस्टंट' म्हणा, कारण समोरचा डॉक्टर नाही हे रोग्याला कळतच नाही. मला ब्रिटनवाल्यांचं पटतं.

शहाद्याहून एकोणीस वर्षांचा विद्यार्थी लिहितो:

दोनदा 'नीट' दिली, एमबीबीएसपुरते मार्क नाहीत. फिजिशियन असिस्टंटच्या पदवीबद्दल कळलं. मला त्वचेच्या विभागात काम करायची आवड आहे. वडील म्हणतात, "अर्धा डॉक्टर होण्यापेक्षा पूर्ण शेतकरी हो." हा कोर्स करू का?

उत्तर: बेटा, वडिलांचं वाक्य झकास आहे, पण चुकीचं आहे. पुरत्या डॉक्टरांत अर्धं ज्ञान असलेले मी भरपूर बघितलेत.

आपल्या देशात हा अभ्यासक्रम १९९२ मध्ये चेन्नईला मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाला, हृदयशस्त्रक्रिया करणारे डॉ. के. एम. चेरियन यांच्या पुढाकाराने. म्हणून अजूनही या मुलांना जास्त मागणी हृदय, अतिदक्षता आणि शस्त्रक्रिया विभागांत असते. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतल्या अशा सगळ्या व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्याच्या यादीत या व्यवसायाचं नाव आलं. तेव्हा प्रवेशाआधी कॉलेजला स्पष्ट विचार: विद्यापीठ कोणतं, आयोगाच्या नियमांत बसतं का, शेवटची उमेदवारी कोणत्या रुग्णालयात? चकचकीत माहितीपुस्तकावर जाऊ नकोस. आणि अमेरिकेची चित्रं डोळ्यांपुढे आणू नकोस. इथे स्वतःच्या सहीने औषध लिहायचा अधिकार तुला नसेल, नावाआधी 'डॉ.' नसेल, स्वतःची पाटी नसेल. नंदुरबार जिल्ह्यात लगेच नोकरी मिळेल असं वचन मी देणार नाही. पुणे, मुंबई, सुरतकडे जावं लागेल.

आता कातडीच्या खात्यात तू काय करशील ते सांगते, कारण हे कुणी सांगत नाही. आमच्याकडे कापसाच्या हंगामात शेतकरी येतात, चेहरा काळवंडलेला, पापण्या जाड, मानेची आणि कोपराच्या खळगीची कातडी चामड्यासारखी झालेली. बहुतेकदा कारण गाजर गवत. १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत आलेलं हे तण आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. त्याची धूळ हवेतून येऊन उघड्या कातडीवर बसते. पण प्रत्येक काळवंडलेला चेहरा गाजर गवताचाच असतो असं नाही. कुणाला फवारणीचं औषध बाधतं, कुणाला केसांचा काळा रंग, तर कुणी गुडघेदुखीला बिब्बा घातलेला असतो आणि लाजून सांगत नाही. मग पाठीवर निरनिराळ्या पदार्थांच्या पट्ट्या चिकटवायच्या, अठ्ठेचाळीस तासांनी काढून बघायच्या, पुन्हा एक-दोन दिवसांनी बघायच्या. तोवर आंघोळ नाही, घाम येईल असं काम नाही. ऐन कापूसवेचणीत शेतकऱ्याला हे पटवणं हीच निम्मी वैद्यकी आहे.

डॉक्टरकडे एका माणसामागे पाच मिनिटं असतात. असिस्टंटकडे अर्धा तास असू शकतो. 'बांधावर काय काय उगवतं, फवारणी कोण करतं, पंप धुतो कोण, सुट्टीत मामाच्या गावी गेल्यावर बरं वाटतं का' हे विचारायला तोच अर्धा तास लागतो. शिवाय कोडाच्या रोग्याला किरणांच्या पेटीत किती सेकंद उभं करायचं त्याची नोंद, सोरायसिसच्या गोळ्या खाणाऱ्यांच्या रक्ततपासणीच्या तारखा, जखमांची ड्रेसिंग, दर भेटीला त्याच कोनातून फोटो. ही कामं नीट झाली नाहीत तर माझं प्रिस्क्रिप्शन कागदावर राहतं. या कामात जीव रमणार असेल तर खुशाल जा. लोकांनी 'डॉक्टरसाहेब' म्हणावं एवढीच हौस असेल तर जाऊ नकोस. चार वर्षांनी चिडशील आणि मग खोटी पाटी लावशील.

पारोळ्याहून मेडिकल दुकानात काम करणारा एक भाऊ लिहितो:

नऊ वर्षं काउंटरवर आहे. रोज वीस-पंचवीस जण खाजेची ट्यूब मागतात. नाव माहीत नसतं, "ती लाल-पांढरी द्या" म्हणतात. नाही दिली तर समोरच्या दुकानात जातात, आणि मालक माझ्यावर रागावतात. मी काय करावं?

उत्तर: भाऊ, शाबास, तुम्ही विचारलंत तरी. खान्देशात कातडीचा पहिला डॉक्टर तुम्हीच आहात. पदवी नाही, देखरेख नाही, पाठीशी कुणी नाही, आणि रोज पंचवीस रोगी. अमेरिकेतल्या असिस्टंटवर नाक मुरडणाऱ्यांनी तुमच्या काउंटरसमोर तासभर उभं राहावं.

'लाल-पांढऱ्या' ट्यूबमध्ये बहुतेकदा बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोनसारखं जोरदार स्टेरॉइड एकत्र असतं. स्टेरॉइडने दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, गिऱ्हाईक खूश. आत बुरशी मजेत वाढते, कारण तिला अडवणारी कातडीची लढाईच आपण थांबवलेली असते. महिन्याभरात जांघेतला नायटा पोटावर येतो, गोल कड पुसट होते आणि मलाही तो ओळखू येत नाही. जांघेत जांभळे चिरे पडतात ते जन्मभर राहतात. आधी आठ-पंधरा दिवसांत जाणारं गजकर्ण आता दोन-दोन महिने गोळ्या खाऊन हलत नाही. या चिवट बुरशीला जपानी संशोधकांनी २०२० मध्ये नाव दिलं 'ट्रायकोफायटॉन इंडोटिनी'. भारताच्या नावाची बुरशी, घ्या!

२०१८ मध्ये केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असं ठरवलं. ट्यूबवर उभी लाल रेघ दिसते, ती त्याचीच. मालकाला रेघ दाखवा. तुमच्या नैतिकतेपेक्षा औषध निरीक्षकाची भीती जास्त उपयोगी पडेल. गिऱ्हाइकाला नुसतं 'नाही' म्हणू नका, दोन प्रश्न विचारा: घरात अजून कोणाला आहे? आणि आधी कोणती ट्यूब लावली, किती दिवस? दोघांतिघांना असेल, महिना उलटला असेल, चेहऱ्यावर असेल, लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर तुमचं काम तिथे संपलं. चिठ्ठीवर 'त्वचारोग' लिहून सरकारी दवाखान्याकडे धाडा. धुळ्याचं आणि जळगावचं वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला फार लांब नाही. एवढं मात्र प्रत्येकाला सांगा: टॉवेल वेगळा, कपडे उन्हात उलटे वाळवा, ओली जीन्स अंगावर नको. आपल्याकडे उन्हाला काय तोटा!

समोरच्या दुकानात जाणारे जातील. त्यांतले काही दोन महिन्यांनी परत येतील आणि तुम्हालाच विचारतील. माझ्याकडेही तसेच येतात.

धडगाव तालुक्यातून एक आशाताई लिहितात:

पाड्यावर एका बाईच्या दंडावर फिकट चट्टा आहे. सासू म्हणते कोड आहे, कुणाला सांगू नका. आमच्याकडे त्वचेचे डॉक्टर नाहीत. मी काय बघू? फोटो पाठवत आहे.

उत्तर: ताई, तुम्ही आधीच निम्मं काम केलंय. सगळ्यांच्या नजरेआड असलेला चट्टा तुम्ही बघितलात.

कोड पांढरंशुभ्र असतं आणि त्यावर स्पर्श व्यवस्थित कळतो. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर स्पर्श कळत नसेल तर कुष्ठरोगाचा संशय घ्यायचा. सासूबाईंना बाहेर बसवा. बाईला डोळे मिटायला सांगा आणि बॉलपेनचं टोक हलकेच कधी चट्ट्यावर, कधी बाजूच्या चांगल्या कातडीवर टेकवा. जिथे टेकलं तिथे तिने बोट ठेवायचं. दोनतीनदा चुकली तर प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. हातपाय बघा. चुलीजवळ बोट भाजलं आणि कळलंच नाही, असं झालंय का ते विचारा. नानांनी असाच एक मुलगा ओळखला होता. बापाला खाज म्हणून दोघं आले होते, मुलगा बाकावर बसून करंगळीवरच्या फोडाशी खेळत होता. नाना त्याला हात धरूनच आत घेऊन आले.

रोग ठरवायचं काम तुमचं नाही, तो शब्द तुम्ही पाड्यावर उच्चारूही नका. ते डॉक्टर सांगतील. मात्र औषध फुकट आहे, सहा महिने किंवा वर्षभर घ्यावं लागतं आणि रोग पूर्ण बरा होतो, हे त्यांच्या पाठोपाठ तुम्ही दहा वेळा सांगा. लघवी लालसर झाली, कातडी काळवंडली तर ते गोळ्यांमुळे होतं, घाबरून सोडायच्या नाहीत, हेही. घरातल्यांचीही तपासणी करून घ्या. चांगल्या निघालेल्यांना प्रतिबंधक गोळीचा एक डोस देतात.

तुम्ही पाठवलेल्या फोटोवरून मला काही सांगता येणार नाही. घरात, फ्लॅश मारून काढलाय, चट्टा पांढरा लखलखतोय. उद्या सकाळी अंगणात सावलीत काढा, फ्लॅश बंद. एक फोटो अख्ख्या दंडाचा, एक जवळून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून. चेहरा येऊ देऊ नका, आणि आधी तिला विचारा. तो फोटो मला नको, उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडून ई-संजीवनीवर (सरकारची ऑनलाइन डॉक्टरी सल्ल्याची सेवा) डॉक्टरांना दाखवा, म्हणजे तिथे नोंद राहील.